परस्पर उत्तरदायित्व (ख्रिस्ती धर्म)

परस्पर उत्तरदायित्व म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेने एकत्र आलेल्या दोन किंवा अधिक मित्रांनी आपल्या आचरणाचा हिशोब स्वेच्छेने एकमेकांपुढे ठेवण्याची प्रथा होय. प्रार्थनेतील सातत्य, पैशाचा व्यवहार, कुटुंबातील वागणूक, व्यसन, क्रोध, खोटेपणा अशा विषयांवर मित्राला प्रश्न विचारण्याचा हक्क देणे आणि त्याला खरे उत्तर देणे हा या प्रथेचा गाभा आहे. पाळकाकडून होणारे मार्गदर्शन, मंडळीची शिस्त आणि धर्मगुरूपुढील पापनिवेदन यांच्याशी तिचे नाते आहे. मात्र या तिन्हींत एका बाजूस अधिकार असतो, तर येथे दोन्ही बाजू समान असतात. महाराष्ट्रात या प्रथेचा इतिहास पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि ख्रिस्त सेवा संघ यांच्या कार्यातून दिसतो. समानता व संमती यांखेरीज ही प्रथा टिकत नाही, हे या इतिहासात वारंवार स्पष्ट झाले आहे.

संज्ञा व स्वरूप

मराठी ख्रिस्ती समाजात या प्रथेसाठी एकच रूढ शब्द नाही. ‘एकमेकांना सांभाळणे’, ‘एकमेकांची उभारणी करणे’, ‘प्रेमाने बोध करणे’ असे शब्दप्रयोग उपदेशांत व प्रार्थनासभांत ऐकू येतात. प्रत्येक विश्वासणारा देवाला जबाबदार असतो, हे तत्त्व सर्व ख्रिस्ती पंथांना मान्य आहे. परस्पर उत्तरदायित्वात त्याला दुसरे तत्त्व जोडले जाते: स्वतःचे दोष माणसाला एकट्याने नीट दिसत नाहीत, म्हणून देवापुढील जबाबदारी पार पाडण्यासाठी त्याला विश्वासू सोबती लागतो.

हे नाते सामान्य मैत्रीहून दोन बाबतींत वेगळे असते. एक, त्यात प्रश्न विचारण्याची परवानगी आधीच दिलेली असते, त्यामुळे प्रश्न आगंतुक ठरत नाही. दोन, ते दुहेरी असते. जो विचारतो त्यालाही विचारले जाते. यांपैकी एक अट सुटली, तर नात्याचे रूपांतर उपदेशात किंवा पाळतीत होते.

बायबलमधील आधार

या प्रथेचे समर्थक बायबलमधील काही उताऱ्यांचा आधार घेतात. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात अपराध करणाऱ्या भावाशी प्रथम एकांतात बोलावे, त्याने न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यावे आणि त्यानंतरच मंडळीला सांगावे, असा क्रम दिला आहे. दोष दाखवण्याची पहिली पायरी खाजगी असावी, हा त्यातील महत्त्वाचा भाग आहे. गलतीकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात चुकलेल्याला सौम्यतेने सावरावे, तसे करताना स्वतःकडेही लक्ष ठेवावे आणि एकमेकांची ओझी वाहावी, असे सांगितले आहे. याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करण्याचा आदेश आहे. इब्री लोकांस पत्राच्या १० व्या अध्यायात एकत्र मिळणे न सोडता परस्परांना सत्कर्मांसाठी उत्तेजन द्यावे, असा बोध आहे. नीतिसूत्रांच्या २७ व्या अध्यायात मित्राने केलेल्या घावांना खरेपणाची खूण मानले आहे.

बायबलमधील व्यक्तींचीही उदाहरणे दिली जातात. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला एका गोष्टीच्या आधारे त्याचा अपराध दाखवून दिला. अंत्युखिया येथे गैरयहुदी विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून पेत्र मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला. जातिभेदाचा अनुभव असलेल्या भारतीय समाजात या दुसऱ्या प्रसंगाला विशेष अर्थ आहे, कारण तेथे दोषाचा विषय सहभोजन हाच होता.

ऐतिहासिक विकास

मध्ययुगीन ख्रिस्ती मठांत आत्मिक मैत्रीचा विचार विकसित झाला. इंग्लंडमधील रिव्हो मठाचे प्रमुख एल्रेड यांनी १२ व्या शतकात या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट पंथांत धर्मगुरूपुढील पापनिवेदनाचे बंधन बहुतांशी राहिले नाही आणि परस्पर पापकबुलीला अधिक महत्त्व आले.

या प्रथेला निश्चित रचना देण्याचे श्रेय जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीला दिले जाते. १७३८ मध्ये वेस्ली यांनी लहान गटांसाठी नियम तयार केले. गटातील प्रत्येकाने आठवड्यातील आपली पापे, मोह आणि त्यांतून झालेली सुटका यांविषयी मोकळेपणाने बोलावे, अशी अपेक्षा त्यांत होती. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे सुमारे बारा सभासदांचे ‘वर्ग’ सुरू झाले. त्यांचा मूळ हेतू प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करणे हा होता. वर्गणीसाठी घरोघर जाणाऱ्या वर्गप्रमुखांना लोकांच्या जीवनाची खरी स्थिती कळू लागली आणि वर्गणीच्या व्यवस्थेतून आत्मिक देखरेखीची व्यवस्था उभी राहिली.

२० व्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ डिट्रिख बोनहॉफर यांनी नाझी राजवटीच्या काळात फिंकेनवाल्ड येथे पाळकांच्या प्रशिक्षणासाठी सामूहिक जीवनाचा प्रयोग केला. त्या अनुभवावरील त्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाप माणसाला एकाकी करते, म्हणून एका बंधूपुढे केलेली कबुली त्याला पुन्हा समुदायात आणते, असे त्यांनी प्रतिपादन केले. ज्याला एकांत सोसत नाही त्याने समुदायापासून आणि ज्याला समुदाय सोसत नाही त्याने एकांतापासून सावध राहावे, असा इशाराही त्यांनी दिला.

महाराष्ट्रातील इतिहास

आरंभीच्या मंडळ्या

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. हे मिशन मुख्यतः कॉंग्रिगेशनल परंपरेतील होते. या परंपरेत सभासद एकमेकांशी करार करून मंडळी स्थापन करतात आणि सभासदाला घेणे किंवा दूर करणे हा निर्णय मंडळीच करते. त्यामुळे सभासदांच्या आचरणाची चर्चा हा मंडळीच्या कामकाजाचाच भाग होता. हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांसारखे मराठी पाळक पुढे आल्यावर हे उत्तरदायित्व मिशनरी व नवख्रिस्ती यांच्यापुरते मर्यादित न राहता मराठी माणसांमध्ये आपापसांतही रुजू लागले. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने ख्रिस्ती आचारविचारांच्या चर्चेला व्यासपीठ दिले.

मेथडिस्ट पद्धतीचे लहान गट १८७१ नंतर मुंबईत आले. अमेरिकन सुवार्तिक विल्यम टेलर यांनी मुंबई व पुणे येथे घरोघर जमणारे सहभागिता-गट स्थापन केले. १८४८ पासून मुंबईत अत्यंत साधेपणाने राहणारे मिशनरी जॉर्ज बोवेन या कार्यात सामील झाले. हे गट आरंभी प्रामुख्याने इंग्रजी बोलणाऱ्यांचे होते. त्यांतूनच पश्चिम भारतातील मेथडिस्ट मंडळ्या उदयास आल्या.

पंडिता रमाबाई व सिस्टर जेराल्डिन

मैत्री व अधिकार यांतील ताण मराठी ख्रिस्ती इतिहासात सर्वांत स्पष्टपणे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या पत्रव्यवहारात दिसतो. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वॉंटेज येथील अँग्लिकन भगिनी-मठात राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व त्यांची कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. पुढे रमाबाई चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात गेल्या. तेथील प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशीही त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला.

त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व व चमत्कार यांविषयीच्या आपल्या शंका रमाबाईंनी लपवल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिन यांना त्यांत गर्व व आज्ञाभंग दिसला. रमाबाईंचे म्हणणे असे होते की, ज्या सदसद्विवेकाच्या बळावर आपण पुरोहितशाहीतून मुक्त झालो, तो दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या हाती देता येणार नाही. मतभेद लहान गोष्टींतही उमटले. मठाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, अशी रमाबाईंची इच्छा होती. त्यांनी शाकाहारही सोडला नाही. बील यांनी मात्र अनेकदा उत्तरे देण्याऐवजी प्रश्न ऐकून घेतले आणि त्यांच्याशी चर्चा केली. त्यामुळे एकाच काळातील दोन प्रकारची नाती या पत्रांत शेजारी शेजारी दिसतात: एकात हिशोब मागितला जातो, दुसऱ्यात तो आपण होऊन दिला जातो. एवढे मतभेद होऊनही सिस्टर जेराल्डिन यांनी ही पत्रे जपून ठेवली व संकलित केली. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.

मुक्ती मिशनमधील जागृती

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये रोजच्या प्रार्थनेसाठी स्त्रियांचा गट बोलावला. आरंभी सुमारे ७० स्त्रिया येत. काही महिन्यांत ही संख्या ५०० च्या वर गेली. जून १९०५ च्या अखेरीस तेथे मोठी धार्मिक जागृती झाली. विधवा, परित्यक्ता व दुष्काळग्रस्त मुली एकमेकींसमोर अपराध कबूल करू लागल्या, परस्परांची क्षमा मागू लागल्या आणि गटागटाने आसपासच्या गावांत प्रार्थनेसाठी जाऊ लागल्या. ज्यांचे म्हणणे समाजाने कधी ऐकून घेतले नव्हते, अशा स्त्रियांना येथे बोलण्याचा व ऐकण्याचा समान हक्क मिळाला. मात्र सार्वजनिक कबुलीत भावनेचा आवेग मोठा असतो. तिचे रूपांतर रोजच्या आचरणात होण्यासाठी सातत्याने सोबत करणारे माणूस लागते.

देवाचा दरबार

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले व १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची सेवा सोडून संन्यास घेतला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ, अशी त्याची कल्पना होती. परदेशी पैसा व अधिकार यांवर उभ्या राहिलेल्या मंडळीत मिशनरी हा दाता व भारतीय ख्रिस्ती हा सेवक राहतो आणि अशा नात्यात बंधुत्व खरे होत नाही, ही टिळकांची खंत होती. वारकरी संतांच्या, विशेषतः तुकारामांच्या परंपरेचे ऋण ते मान्य करीत. संतसंगात साधक एकमेकांना जसे सावरतात, तसे ख्रिस्तभक्तांनीही करावे, हा विचार त्यांच्या दरबाराशी जुळणारा होता. टिळकांच्या निधनामुळे हा प्रयोग दोन वर्षांहून कमी काळ चालला.

लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ या विषयाच्या अभ्यासासाठी महत्त्वाचे आहे. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे वेगळ्या राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पतीचा उतावीळपणा व पैशाबाबतची बेफिकिरी त्यांनी विनोदाच्या आधारे, परंतु आडपडदा न ठेवता लिहिली; स्वतःच्या चुकाही त्याच मोकळेपणाने सांगितल्या. दोष दाखवूनही प्रेम कमी होत नाही, याचे इतके स्पष्ट चित्रण मराठी आत्मचरित्रांत क्वचितच आढळते.

ख्रिस्त सेवा संघ ते पाचगणी

टिळकांच्या सहवासाने प्रभावित झालेले अँग्लिकन मिशनरी जॉन कॉपले विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. पुणे हे पुढे त्याचे प्रमुख केंद्र झाले. भारतीय व युरोपीय सभासदांनी एका घरात, सारख्या साध्या राहणीने राहावे, खादी वापरावी आणि शाकाहारी जेवण घ्यावे, असा त्याचा परिपाठ होता. १९२३ मध्ये विन्स्लो यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

१९३० च्या दशकात विन्स्लो अमेरिकन धर्मोपदेशक फ्रँक बुकमन यांच्या ऑक्सफर्ड ग्रुप या चळवळीशी जोडले गेले आणि तिच्या समर्थनार्थ त्यांनी पुस्तक लिहिले. प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थता व प्रेम या चार कसोट्यांवर स्वतःला तपासणे, लहान गटात आपली चूक उघड करणे आणि ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करणे, ही या चळवळीची पद्धत होती. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मद्यमुक्ती संघटनेने यातील अनेक गोष्टी स्वीकारल्या. ऑक्सफर्ड ग्रुपचे रूपांतर १९३८ मध्ये नैतिक पुनरुत्थान चळवळीत झाले. तिचे ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे १९६८ मध्ये सुरू झाले. तेथे आत्मपरीक्षणाची ही पद्धत सर्व धर्मांच्या लोकांसाठी वापरली जाते.

मराठवाडा व बीड जिल्हा

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर पश्चिमेकडील अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा ब्रिटिश अमलाखाली होता. त्यामुळे बीडची पश्चिम सीमा ही दोन राजवटींची सीमा होती. आष्टी तालुका याच सीमेला लागून आहे. उत्तरेकडील जालना येथे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने १८६३ पासून कार्य केले आणि जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत वसवली. अशा वसाहतीत विश्वासणारे शेजारी राहत, एकाच शाळेत व प्रार्थनामंदिरात जात. परस्परांच्या वागण्याची जाण त्यांना सहजच असे. बीड जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या अल्प व विखुरलेली आहे. मराठवाड्यातील रोमन कॅथलिक मंडळ्या १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतात. १९७० मध्ये नागपूर येथे अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले.

विखुरलेल्या वस्तीत या प्रथेपुढे दोन विरुद्ध अडचणी उभ्या राहतात. गावात एकदोनच ख्रिस्ती घरे असली, तर पाळकाची भेट क्वचित होते आणि विश्वासू सोबत्याची गरज वाढते. दुसरीकडे, तो सोबती बहुधा नात्यातला किंवा शेजारचाच असतो. त्याला सांगितलेली गोष्ट भावकीत व सोयरिकीत पोहोचण्याची भीती असते. त्यात हंगामी स्थलांतराची भर पडते. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. ज्या गावातील बरीच माणसे सहा महिने बाहेर असतात, तेथे दर आठवड्याला भेटण्यावर उभी असलेली कोणतीही रचना खंडित होते. अशा स्थितीत एकाच टोळीतील दोघांची सोबत किंवा ठरावीक वेळी केलेला दूरध्वनी हे व्यवहार्य पर्याय ठरतात.

कर्ज, दारू, हुंडा व जात हे या भागातील सर्वच समाजांचे प्रश्न आहेत आणि ख्रिस्ती समाज त्यांना अपवाद नाही. धर्मांतरानंतरही पूर्वाश्रमीच्या जातीची जाणीव, विशेषतः विवाहसंबंधांत, अनेक मंडळ्यांत टिकून राहिली. त्यामुळे केवळ प्रार्थना व उपवास यांची विचारपूस करून या प्रश्नांविषयी मौन पाळणारे उत्तरदायित्व अपुरे ठरते.

कार्यपद्धती

ही प्रथा दोघांच्या जोडीत किंवा तीन-चार जणांच्या गटात पाळली जाते. सामान्यतः पुरुषांचे व स्त्रियांचे गट वेगळे असतात. भेटीची वेळ ठरलेली असते. बायबलमधील उतारा वाचून व थोडी प्रार्थना करून प्रत्येकजण मागील भेटीनंतरचा हिशोब सांगतो. प्रश्न नेमके असले तर उत्तरही नेमके मिळते: ‘सर्व ठीक आहे ना?’ या प्रश्नापेक्षा ‘या आठवड्यात दारूला हात लावला का?’, ‘घेतलेले पैसे परत केले का?’, ‘भावाशी बोलणे सुरू केले का?’ हे प्रश्न उपयोगी ठरतात. शेवटी पुढील भेटीपर्यंतची एखादी कृती ठरवली जाते आणि एकमेकांसाठी प्रार्थना होते.

यशस्वी गटांत काही नियम समान आढळतात. ऐकलेली गोष्ट बाहेर न्यायची नाही. अनुपस्थित व्यक्तीचे दोष काढायचे नाहीत. सल्ल्याआधी पूर्ण ऐकून घ्यायचे. कोणालाही सांगण्याची सक्ती करायची नाही. आणि गट सोडण्याची मुभा सर्वांना असावी. कोणाच्या जिवाला धोका असेल, बालकावर अत्याचार होत असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर मात्र गोपनीयतेपेक्षा पीडिताचे संरक्षण महत्त्वाचे मानले जाते. अशा वेळी पोलीस, डॉक्टर किंवा योग्य यंत्रणेची मदत घेणे आवश्यक असते.

कॅथलिक परंपरेत पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू गोपनीयतेच्या अत्यंत कडक नियमाने बांधलेला असतो. मित्रावर असे कोणतेही धर्मनियमाचे बंधन नसते. त्याचा शब्द हीच हमी असते. म्हणून कॅथलिक समाजात मित्रांमधील विचारपूस ही प्रायश्चित्त संस्काराला पूरक मानली जाते, त्याचा पर्याय मानली जात नाही.

मर्यादा व टीका

या प्रथेवरील सर्वांत गंभीर आक्षेप तिच्या गैरवापराविषयी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘मेंढपाळ चळवळ’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रवाहात प्रत्येक विश्वासणाऱ्याने एका वरिष्ठाच्या अधीन राहावे, असे शिकवले गेले. नोकरी, विवाह व पैसा यांविषयीचे निर्णयही वरिष्ठांच्या संमतीने होऊ लागले. तीव्र टीकेनंतर ही चळवळ ओसरली आणि तिच्या प्रमुखांपैकी बॉब ममफर्ड यांनी १९९० मध्ये जाहीर क्षमायाचना केली. उत्तरदायित्व एकतर्फी झाले की त्याचे नियंत्रण होते, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

दुसरा आक्षेप असा की, पापांच्या नोंदीवरच लक्ष केंद्रित झाल्याने कृपेचा विसर पडतो आणि विश्वासणारा देवापेक्षा मित्राच्या मताला घाबरू लागतो. तिसरा आक्षेप दिखाऊपणाचा आहे: किरकोळ दोष मोकळेपणाने सांगून मोठा दोष झाकला जाऊ शकतो. व्यसन, नैराश्य यांसारख्या स्थितीत मित्राची सोबत उपयुक्त असली तरी ती वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

या आक्षेपांना समर्थकांचे उत्तर प्रथेच्या मूळ अटींकडेच निर्देश करते. प्रश्न विचारणारा स्वतः उत्तर देण्यास बांधलेला असावा आणि उत्तर देणाऱ्याला नकाराचा हक्क असावा. रमाबाईंनी आपल्या पत्रांत ज्या सदसद्विवेकाचा आग्रह धरला आणि टिळकांनी दरबारात जे बंधुत्व शोधले, ते दोन्ही या अटींत एकत्र येतात. त्यांतील सदसद्विवेक वगळला तर सक्ती उरते आणि बंधुत्व वगळले तर माणूस आपल्या दोषांसह एकटा उरतो.